विज्ञान सोडणारे ‘कच्चे’ असतात?

‘पहिल्या वर्षाची चाळणी कडकच हवी, कच्चे आपोआप गळतात.’ पदवीच्या विज्ञान शाखेत हे वाक्य पिढ्यानपिढ्या चालत आलं आहे. ते खरं नाही.

अमेरिकेत एलेन सेमूर आणि नॅन्सी ह्युइट यांनी सात महाविद्यालयं-विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांशी सविस्तर बोलून 1997 मध्ये निष्कर्ष मांडले. विज्ञान सोडणारे आणि टिकणारे यांच्या कुवतीत फारसा फरक नव्हता. रटाळ शिकवणं, जीवघेणी स्पर्धा, पुरेशी मदत न मिळणं, या तक्रारी दोन्ही गटांच्या होत्या. म्हणजे जे टिकले, तेही सोसतच होते!

गळती अटळ असते, हेही चूक. 2014 मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी 225 अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गात नापासांचं प्रमाण सुमारे 34 टक्के, तर विद्यार्थी स्वतः प्रश्न सोडवतात, चर्चा करतात अशा वर्गात सुमारे 22 टक्के. विषय तेच, शिकवण्याची पद्धत बदलली. 2020 च्या विश्लेषणात अशा वर्गांमुळे वंचित गटांतले विद्यार्थी आणि इतर यांच्यातली दरीही कमी झालेली दिसली.

मात्र एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. अचानक नाव पुकारून उभं केलं, तर अशा वर्गातही अनेकांची चिंता वाढते. आधी शेजाऱ्याशी बोलायला दोन मिनिटं दिली की अनेकांचा धीर वाढतो. आणि रात्र रात्र झोप न येणं, प्रयोगशाळेच्या दारात छाती धडधडणं हा बुद्धीचा निकाल नव्हे. त्यावर उपचार आहेत, समुपदेशन आहे. ते घेणारा विद्यार्थी कच्चा ठरत नाही.