चारचौघांत विचारलेला प्रश्न

कॉम्प्युटर यूझर ग्रुपची व्याख्या करत बसण्यात फारसा अर्थ नाही. महिन्यातून एकदा माणसं जमतात. कुणाचा प्रिंटर रुसलेला असतो, कुणाला हजारभर फोटो लावून ठेवायचे असतात. ज्याला ते मागच्या महिन्यात जमलं, तो आज दुसऱ्याला दाखवतो. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. या रीतीचा माग काढत गेलं तर आपण थेट १९५५ सालात पोचतो.

तेव्हा कॉम्प्युटर खोलीभर जागा घेई आणि तो परवडे फक्त बड्या संस्थांना. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या परिसरातल्या विमानं बनवणाऱ्या कंपन्या आयबीएम ७०४ हा कॉम्प्युटर घेत होत्या आणि तेच ते प्रोग्राम प्रत्येकीला नव्यानं लिहावे लागणार होते. त्यातून ‘शेअर’ ही वापरकर्त्यांची संघटना उभी राहिली. एरवी एकमेकींच्या स्पर्धक असलेल्या कंपन्या इथे मात्र आपापले प्रोग्राम एकमेकींना देऊ लागल्या. डेक या कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीची यंत्रं वापरणाऱ्यांची ‘डेकस’ १९६१ मध्ये आली.

पण आज आपण ज्याला यूझर ग्रुप म्हणतो त्याचा खरा पूर्वज गॅरेजमध्ये जन्मला. जानेवारी १९७५ मध्ये ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० हा घरी जोडायचा छोटा कॉम्प्युटर झळकला. किंमत ३९७ डॉलर, तीही सुट्या भागांची. डाग देऊन (सोल्डरिंग करून) जोडायचा आपण. कीबोर्ड नाही, पडदा नाही, पुढे नुसती बटणं आणि लुकलुकणारे दिवे. मेमरी २५६ बाइट. देवनागरी अक्षरं आज साठवतात तशी साठवली, तर एवढ्या जागेत एखादं मराठी वाक्य जेमतेम मावेल! असं यंत्र घरी आणलेल्या माणसाला शेजारच्याची गरज भासणारच.

५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथे गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये तीसेक जण जमले. बोलावणं फ्रेंच आणि फ्रेड मूर यांचं. हाच ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’. पुढे गर्दी वाढली, सभा मोठ्या सभागृहात गेल्या आणि सूत्रसंचालन ली फेल्सेनस्टाइन यांच्याकडे आलं. त्यांनी बसवलेली घडी मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. आधी एकेकानं उभं राहून सांगायचं: माझ्याकडे हे आहे, मला ते हवंय, अमुक ठिकाणी अडलंय. मग सभा मोडायची आणि ज्याला ज्याच्याशी बोलायचंय त्यानं त्याला गाठायचं. आपलं अज्ञान चारचौघांत सांगणं हीच तिथे सभेची पहिली पायरी होती, त्यामुळे त्यात लाज वाटण्यासारखं काही उरलं नाही. स्टीव्ह वॉझनिअ‍ॅक यांनी आपल्या ॲपल-१ या कॉम्प्युटरच्या सर्किटचे नकाशे याच मंडळींना फुकट वाटले.

देण्याघेण्याला दुसरी बाजूही होती. बिल गेट्स यांच्या कंपनीनं अल्टेअरसाठी ‘बेसिक’ या प्रोग्रामिंग भाषेचं सॉफ्टवेअर केलं होतं. त्याच्या कागदी टेपच्या प्रती क्लबात हातोहात फिरल्या, आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये गेट्स यांनी हौशी मंडळींना उघडं पत्र लिहून याला सरळ चोरी म्हटलं. हा वाद आजही मिटलेला नाही, पण तो वेगळा विषय.

पुढच्या दशकात गटांचं पेव फुटलं. बोस्टन कॉम्प्युटर सोसायटी १९७७ मध्ये सुरू करणाऱ्यांपैकी जोनाथन रोटेनबर्ग अवघा तेरा वर्षांचा होता! ऐन भरात तिचे सभासद तीस हजारांच्या आसपास होते. एवढ्या मोठ्या संस्थेत विषयवार छोटे गट पडले. गटांकडे फ्लॉपींचा साठा असे. फुकट किंवा शेअरवेअर (आधी वापरून पाहा, आवडलं तर पैसे द्या) प्रोग्राम सभासद नाममात्र पैशांत घेऊन जात. इंटरनेट घरोघरी नव्हतं तेव्हा नवं सॉफ्टवेअर बऱ्याच जणांपर्यंत असंच पोचलं.

आणि नेमकं तेच इंटरनेट आल्यावर ओहोटी लागली. यंत्रं सोपी झाली, उत्तरं घरबसल्या मिळू लागली. बोस्टनची सोसायटी १९९६ मध्ये बंद पडली. लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम वापरणाऱ्यांनी मात्र त्याच सुमारास गावोगावी नवे गट काढले, कारण ती यंत्रावर बसवणं तेव्हा सोपं नव्हतं. सभासद यंत्र काखेत मारून यायचे आणि जाणकार त्यावर लिनक्स तिथेच बसवून द्यायचे.

जुन्या गटांपैकी जे टिकले, त्यांत आता निवृत्त माणसं जास्त दिसतात. डाग देणं केव्हाच गेलं. चर्चा पासवर्डची, बनावट संदेशांची, नव्या फोनवर जुने नंबर कसे आणायचे याची. पण कुणीतरी अजूनही उभं राहून म्हणतं, “माझं इथे अडलंय,” आणि मागच्या रांगेतून कुणीतरी खुर्ची सरकवत पुढे येतं.