प्रेक्षकच नाहीत, मग होम ग्राउंड कसलं?

कोविडच्या तीसेक वर्षं आधीच अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉल रिकाम्या हॉलमधे खेळून झालेलं आहे, आणि तेव्हा कारण होतं चक्क गोवर. १९८९ ची गोष्ट. न्यूयॉर्क राज्यात आल्बनीजवळ सिएना नावाचं छोटं कॉलेज आहे, तिथे गोवराची साथ आली, विद्यार्थी क्वारंटाइन, मॅच होणार पण आत कुणाला सोडायचं नाही असं ठरलं. हार्टफर्ड या दुसऱ्या युनिव्हर्सिटीची टीमही त्याच लफड्यात सापडली. आता कुणालाही वाटेल पोरं कोमेजली असतील. पण सिएनाने कॉन्फरन्सची (म्हणजे आपल्या कॉलेजांच्या गटाची) स्पर्धा रिकाम्या हॉलमधे जिंकली आणि मग राष्ट्रीय स्पर्धेत १४ वं मानांकन असताना तिसऱ्या मानांकनाच्या स्टॅनफर्डला ८०-७८ ने घरी पाठवलं. नंतर दोन संशोधकांनी या दोन्ही टीमचे प्रेक्षक असतानाचे आणि नसतानाचे आकडे शेजारी ठेवून पाहिले, तर गर्दी नसताना त्यांचा खेळ बिघडला नव्हता, उलट सुधारलेलाच दिसला.

दोनच टीम, मोजक्या मॅचेस, त्यामुळे यावरून कुणी फार काही सिद्ध केलं नाही. मग आलं २०२०.

१२ मार्च २०२० ला राष्ट्रीय स्पर्धाच रद्द झाली, १९३९ ला ती सुरू झाल्यापासून पहिल्यांदा. पुढचा सीझन लांबत लांबत २५ नोव्हेंबरला सुरू झाला. कुठे प्रेक्षक शून्य, कुठे थोडेफार, खुर्च्यांवर पुठ्ठ्याचे चेहरे आणि स्पीकरवर रेकॉर्ड केलेला गलका (रिकाम्या वानखेडेवरची २०२१ ची आयपीएल आठवा, तसंच). ड्यूक युनिव्हर्सिटीचं कॅमेरॉन स्टेडियम तर या बाबतीत देवस्थानच, जेमतेम ९३१४ माणसं मावतात पण पोरं आत जागा मिळावी म्हणून बाहेर तंबू ठोकून राहतात. त्या वर्षी तंबू नाहीत, पोरं नाहीत. आणि ड्यूक १३ जिंकले, ११ हरले, १९९५ नंतर पहिल्यांदा राष्ट्रीय स्पर्धेबाहेर राहिले.

झालं, लगेच सगळे म्हणायला लागले की बघा, गर्दी गेली आणि ड्यूक गेलं. थांबा जरा. त्याच वर्षी केंटकी युनिव्हर्सिटीसुद्धा ९ विजय, १६ पराभव अशी आपटली आणि त्यांच्याकडे तर थोडे प्रेक्षक सोडत होते. दोन्हीकडे कॉलेजात नुकतीच आलेली पोरं जास्त, उन्हाळ्यातली प्रॅक्टिस बुडालेली. म्हणजे हा प्रयोग निसर्गाने करून दिला खरा पण भांडी न घासता. एका टीमवरून काही कळत नाही, शेकडो टीमची सरासरी बघावी लागते. आणि सरासरी सांगते की घरच्या मैदानाचा फायदा, जो एरवी मॅचला साधारण तीन पॉइंटचा धरतात, तो कमी झाला. पण संपला नाही.

मला यात सगळ्यात मजेशीर वाटतो तो शिट्टीवाला माणूस. आपण समजतो गर्दी खेळाडूला चेव आणते. असेलही, पण जास्त परिणाम बहुतेक रेफरीवर होतो. २००२ मधे इंग्लंडमधे एक प्रयोग झाला होता, फुटबॉलचा. लिव्हरपूल विरुद्ध लेस्टर मॅचमधले ४७ प्रसंग ४० रेफरींना व्हिडिओवर दाखवले, काहींना गर्दीच्या आवाजासकट, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी होम टीमविरुद्ध जवळपास १५ टक्के कमी फाऊल दिले. पाहुण्यांचे फाऊल मात्र फारसे वाढले नाहीत. म्हणजे रेफरी पाहुण्यांना मुद्दाम छळत नाही हो, घरच्यांच्या वेळी शिट्टी ओठांपर्यंत येते आणि तिथेच अडते. बास्केटबॉलमधे तर दोन पोरं एकमेकांवर आदळली की चूक अंगावर जाणाऱ्याची की वाटेत येणाऱ्याची, हे अर्ध्या सेकंदात ठरवायचं असतं. डोळ्याला नीट दिसलं नाही तर मेंदू कानाकडून माहिती घेतो, आणि कानात काय, तर कॅन्सस युनिव्हर्सिटीच्या ॲलन फील्डहाऊस या हॉलमधे २०१७ ला १३०.४ डेसिबल आवाज नोंदला गेलाय. साधं बोलणं ६० च्या आसपास असतं, दर दहा डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट, म्हणजे हिशोब करा, एक कोटी पट. कोविडमधे हा आवाज गेला तेव्हा युरोपातल्या ११ देशांच्या १५ फुटबॉल लीग तपासल्या, तर पाहुण्या टीमवरची रेफरींची जादा करडी नजर कमी झालेली सापडली.

मग खेळाडूंवर काहीच होत नाही का? होतं, पण दोन उलट्या दिशांनी, आणि त्यासाठी झुरळांकडे जावं लागतं. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६९ मधे झुरळांना सरळ पट्टीवर उजेडापासून लांब पळवलं, बाजूला पारदर्शक डब्यात प्रेक्षक म्हणून आणखी झुरळं बसवली. प्रेक्षक असताना झुरळ जास्त जोरात पळालं. पण वाटेत वळण टाकलं की तेच झुरळ प्रेक्षकांसमोर गोंधळलं, वेळ जास्त लागला. सोप्या, सवयीच्या कामात गर्दी वेग देते आणि नाजूक कामात घोळ घालते. डिफेन्सला धावणं, रिबाउंडला (हुकून परत आलेला बॉल पकडायला) उडी मारणं हे पहिल्यातलं. फ्री थ्रो दुसऱ्यातला.

फ्री थ्रो म्हणजे फाऊल झाल्यावर मिळणारा मोकळा नेम, १५ फुटांवर उभं राहायचं, १० फूट उंचीवर १८ इंचाची रिंग, कुणी अडवणार नाही. तरी कॉलेजात कित्येक दशकं सरासरी ७० टक्क्यांच्या आसपास अडकलेली आहे. जोन व्हिकर्स या संशोधिकेने नव्वदच्या दशकात खेळाडूंच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या, तर चांगले नेमबाज हात उचलण्याआधी साधारण सेकंदभर रिंगवर नजर गाडून ठेवतात. गर्दीला ही नजरच हलवायची असते. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीची पोरं रिंगमागे पडदा धरतात आणि पाहुणा नेम धरायला लागला की पडदा उघडून काहीतरी अचाट दाखवतात. जानेवारी २०१६ मधे त्यातून पोहण्याच्या चड्डीत ऑलिंपिकचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स निघाला, खरा फेल्प्स, गळ्यात मेडलं घालून. समोरच्या पोराचे दोन्ही थ्रो हुकले. २०२०-२१ मधे रिंगमागे असं कुणी नव्हतं. पुठ्ठ्याचा चेहरा हलत नाही ना.

आता होम टीमचा जो फायदा रिकाम्या हॉलमधेही उरला तो कशाचा? रात्रभर प्रवास नाही, आपलीच गादी, रोजच्या सवयीची रिंग. यातलं किती कशाचं हे वेगळं काढणं अवघड आहे. पण २०२१ ची राष्ट्रीय स्पर्धा पुरुषांसाठी अख्खी इंडियाना राज्यात घेतली, प्रेक्षक जास्तीत जास्त पाव हॉल. बहुतेक सगळ्यांसाठी परकं गाव, परकी रिंग, म्हणजे घरचा फायदा जवळजवळ कुणालाच नाही. पंधराव्या मानांकनाच्या ओरल रॉबर्ट्सने ओहायो स्टेटला उडवलं, पात्रता मॅच खेळून आलेलं यूसीएलए शेवटच्या चारात पोचलं. आणि ५ एप्रिलला फायनलला कोण? गोन्झागा आणि बेलर, सीझनच्या आधीच ज्यांना एक आणि दोन नंबरला बसवलं होतं तेच. ३१-० ने आलेलं गोन्झागा ८६-७० ने हरलं.