११ महिन्यांचा करार म्हणजे नोंदणीला सुट्टी नव्हे

नोकरी पुण्यात, स्वतःचं घर धुळ्याला देवपुरात भाड्याने दिलेलं. स्टॅम्पपेपरवर ११ महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, असं खान्देशात सर्रास सांगतात. ते चूक आहे. समज आला १९०८ च्या नोंदणी कायद्यातून. तिथे वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ मुदत बघतच नाही. करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, जबाबदारी घरमालकाची. नाहीतर ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून मोठा फटका वेगळाच: वाद झाला तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं धरतात, खोडून काढायचं तुम्ही! लांब राहणाऱ्या घरमालकांनी तर नोंदणी टाळूच नये. आधार क्रमांक, अंगठ्याचा ठसा, फोटो देऊन ऑनलाइन नोंदणी पुण्यात बसूनही होते.