मायनॉरिटी स्ट्रेस

समाजात संख्येनं किंवा वजनानं कमी पडणाऱ्या गटातल्या माणसाला रोजच्या टेन्शनच्या वर, निव्वळ त्या गटातला म्हणून जो जादा ताण सोसावा लागतो तो मायनॉरिटी स्ट्रेस. गे, लेस्बियन, बायसेक्शुअल तरुणांमधे डिप्रेशन, अँक्झायटी, आत्महत्येचे विचार जास्त का दिसतात याचं सध्या सगळ्यात चालणारं स्पष्टीकरण हेच.

कल्पना कुणाची यावर थोडी ओढाताण आहे. श्रेय बहुतेक ठिकाणी अमेरिकेतले संशोधक इलान मेयर यांना जातं, त्यांचा गे पुरुषांवरचा पेपर १९९५ चा आणि जास्त कोट होतो तो २००३ चा, पण व्हर्जिनिया ब्रुक्स यांच्या लेस्बियन बायकांवरच्या पुस्तकाच्या नावातच हा शब्द १९८१ ला आलाय, तेव्हा शब्द ब्रुक्स यांचा नि मॉडेल मेयर यांचं म्हटलेलं बरं. मेयर बाहेरचा ताण (मारहाण, भेदभाव) आणि आतला ताण (कुणाला कळेल ही धास्ती, लपवालपवी, स्वतःचाच तिटकारा) वेगळा धरतात.

यात वंश आला की भानगड होते. दोन्हीकडून अल्पसंख्य म्हणजे दुप्पट त्रास असा हिशोब बरेच जण करतात, पण मेयर आणि सहकाऱ्यांच्याच २००८ च्या न्यूयॉर्कमधल्या अभ्यासात कृष्णवर्णीय समलिंगी-बायसेक्शुअल लोकांत मानसिक आजार गोऱ्यांपेक्षा कमी निघाले, लॅटिनोंमधे (लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांत) मात्र आत्महत्येचे प्रयत्न जास्त. म्हणजे साधी बेरीज काही चालत नाही. अमेरिकेतल्या कायदेतज्ज्ञ किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ ला मांडलेली, ओळखी एकमेकींत गुंतून काम करतात ही बाजू जास्त पटते.

खान्देशात अमेरिकेतलं काळं-गोरं जसंच्या तसं लागू होत नाही, इथं जमात, जात आणि बोली बघावी लागते. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत जवळपास ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे, त्यामुळे पावरा नाहीतर भिल्ल पोरगा गावी अल्पसंख्य नसतोच, तो तसा होतो शिकायला जळगाव-धुळ्याच्या होस्टेलवर आला की. आणि तोच समलिंगी असेल तर गावीही एकटा नि होस्टेलवरही. जमातीचा ताण घरातले वाटून घेतात, हा दुसरा ताण घरातल्यांपासूनच लपवायचा असतो.

२०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण १२ राज्यांत झालं, महाराष्ट्र त्यात नव्हता, त्यामुळे त्यातून इथले आकडे मिळत नाहीत.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचारात लैंगिक कलावरून भेदभावाला मनाई केलीय, ६ सप्टेंबर २०१८ ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले गेले. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर २०२२ पासून आहे, अर्थात नंदुरबारमधल्या धडगावच्या डोंगरात रेंज मिळाली तर.