कार्तिए

पॅरिस येथील जडजवाहीर, घड्याळे व अत्तरे यांची विख्यात पेढी. तिचे स्थापनावर्ष सर्वत्र १८४७ असे दिले जाते. तथापि त्या वर्षी ल्वी-फ्रांस्वा कार्तिए यांनी आपले गुरू आदॉल्फ पिकार यांची कर्मशाळा स्वतःकडे घेतली, त्यामुळे हे हस्तांतर होते, नवी स्थापना नव्हे, असे मानणे अधिक योग्य वाटते. १८९९ मध्ये पेढी र्यू द ला पे या रस्त्यावर आली. पुढे ल्वी, प्येर व झाक या तीन नातवांनी पॅरिस, न्यूयॉर्क व लंडन येथील शाखा सांभाळल्या. न्यूयॉर्कमधील फिफ्थ ॲव्हेन्यूवरची वास्तू १९१७ मध्ये नैसर्गिक मोत्यांचा दुपदरी कंठा व १०० डॉलर यांच्या मोबदल्यात मिळाली, यावरून संवर्धित (शिंपल्यांत मुद्दाम वाढविलेले) मोती सर्रास मिळू लागण्यापूर्वी मोत्यांचे मोल काय होते ते कळते.

वैमानिक आल्बेर्तो सांतुस-द्यूमाँ यांना उड्डाण करताना खिशातले घड्याळ काढून पाहणे अडचणीचे होई. म्हणून १९०४ मध्ये ल्वी यांनी त्यांच्यासाठी चौकोनी मनगटी घड्याळ घडविले, असा परंपरागत वृत्तांत आहे. ते १९११ मध्ये विक्रीस आले. यालाच पहिले मनगटी घड्याळ म्हणण्याचा प्रघात मात्र स्वीकारता येत नाही, कारण पाटेक फिलिप या स्विस पेढीने हंगेरीच्या एका उमराव स्त्रीसाठी १८६८ मध्येच तसे घड्याळ केले होते. पुरुषांच्या नित्य वापरासाठी मुद्दाम आखलेल्या आरंभीच्या मनगटी घड्याळांपैकी ते एक, एवढेच म्हणणे सुरक्षित ठरते. ‘टँक’ या पेढीच्या दुसऱ्या मनगटी घड्याळाची आखणी १९१७ ची, तिचा आकार रेनो रणगाड्याच्या वरून दिसणाऱ्या रूपावरून घेतला, असे सांगितले जाते.

मॉरिस कुए यांनी १९१२ पासून घडविलेली ‘गूढ घड्याळे’ कारागिरीच्या दृष्टीने या सर्वांहून सरस आहेत. त्यांतील काटे स्फटिकाच्या पारदर्शक तबकडीत अधांतरी फिरताना दिसतात. प्रत्यक्षात प्रत्येक काटा एका स्वतंत्र पारदर्शक चकतीला जडवलेला असतो. चकतीची दातेरी धातूची कड चौकटीत दडलेली असते आणि बैठकीतील यंत्र उभ्या दांड्यांमार्फत ती कड फिरवते. मूळ कल्पना जादूगार रोबेर-हूदँ यांची होय.

१९११ च्या दिल्ली दरबाराच्या सुमारास झाक भारतात आले. पानाफुलांची नक्षी कोरलेली भारतीय माणके, पाचू व नीलम प्लॅटिनमच्या कोंदणात बसविण्याची शैली पुढे ‘तुत्ती फ्रुत्ती’ म्हणून गाजली. हे नाव नंतरचे आहे. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांचा १९२८ मध्ये पूर्ण झालेला कंठा २,९३० हिऱ्यांचा होता व त्यात २३४.६५ कॅरटचा ‘डी बिअर्स’ हा पिवळसर हिरा होता.

पेढी आज रिशमाँ या स्विस चैनीच्या वस्तूंच्या उद्योगसमूहाकडे आहे. अत्तरांकडे ती उशिरा वळली. ‘मस्ट’ १९८१ मध्ये आले.