एक डिस्क गेली, पुढचे पंधरा तास

कोल्हापुरात शाहूपुरीत एका मित्राचं डिझाइनचं ऑफिस आहे. उद्यमनगर आणि शिरोलीच्या फाउंड्रींसाठी पॅटर्नची ड्रॉइंग्ज करतो. सर्व्हरसाठी त्यानं ८ टीबीच्या चार डिस्क आणल्या आणि फोन केला, "रेड ५ लावू ना? २४ टीबी मिळतात. दुसऱ्या पद्धतीत १६च. दोन डिस्क फुकट घालवायच्या व्हय?"

'रेड' ही कल्पना १९८८ साली बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी एका शोधनिबंधात मांडली. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी स्वस्त डिस्कचा घोळका वापरायचा, आणि त्यातली एखादी मेली तरी काम चालू राहील अशी सोय करायची. सगळ्यात सरळ सोय म्हणजे मिरर. जे इकडे लिहिलं, तेच तिकडेही.

रेड ५ची युक्ती जास्त गमतीची आहे. तीन डिस्कवर १, ० आणि १ असे बिट आहेत. चौथीवर असा बिट लिहायचा की चारही मिळून १ हा आकडा सम वेळा यावा, म्हणजे इथे ०. आता पहिली डिस्क गेली. उरले ०, १ आणि ०. एकच 'एक' आहे, म्हणजे विषम. तेव्हा हरवलेला बिट १च असणार. या हिशेबी बिटाला पॅरिटी म्हणतात. प्रत्यक्षात ती एकाच डिस्कवर न ठेवता चारही डिस्कवर वाटून ठेवतात. चार डिस्कमध्ये फक्त एकीएवढी जागा खर्ची पडते, म्हणून मित्राचा जीव तिच्यावर.

अडचण येते ती डिस्क मेल्यावर. नवी डिस्क लावली की तिचा प्रत्येक बिट असाच काढायचा (याला रिबिल्ड म्हणतात), म्हणजे उरलेल्या तिन्ही डिस्क, २४ टीबी, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायच्या. सेकंदाला १५० एमबी या वेगानं ८ टीबी भरायला जवळजवळ पंधरा तास लागतात, तेही ऑफिस बंद असेल तर. तेवढ्या वेळात दुसरी गेली की संपलं. आणि चारही डिस्क एकाच दुकानातून, एकाच लॉटमधल्या, एकाच दिवशी चालू झालेल्या. थकायच्या तर साधारण बरोबरच थकणार. शिवाय साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात साडेबारा टीबी वाचनामागे एखादा सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा छोटा तुकडा, न वाचता येण्याची शक्यता धरलेली असते. व्यवहारात डिस्क याहून बऱ्याच चांगल्या वागतात, पण सगळी भिस्त त्यावर ठेवायला मी तयार नाही.

रेड ६ दोन वेगळे हिशेब ठेवते, त्यामुळे कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी चालतं. रेड १० म्हणजे मिररच्या दोन जोड्या. एक डिस्क गेल्यावर धोका फक्त तिच्या जोडीदाराचा, आणि रिबिल्डला तेवढीच वाचावी लागते. चार डिस्कमध्ये दोन्हीकडे १६ टीबीच मिळतात. फरक लिहिण्यात आहे. एक छोटी नोंद बदलायला रेड १० दोनदा लिहिते; रेड ६ला जुना मजकूर आणि दोन्ही पॅरिटी वाचून पुन्हा लिहाव्या लागतात, म्हणजे सहा कामं. ड्रॉइंग एकदा ठेवलं की वर्षभर कुणी हात लावत नाही, म्हणून त्याला रेड ६ सांगितली. हिशेबाच्या सॉफ्टवेअरला मात्र दिवसभर बारीकसारीक लिहायचं असतं. त्यासाठी दोन छोट्या एसएसडींचा, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या डिस्कचा, मिरर वेगळा.

आणि डिस्क मेली की येणारा अलार्मचा ईमेल चालू कर, हे दोनदा सांगितलं. मी पूर्वी होतो त्या ऑफिसात सर्व्हर तीन आठवडे बीप करत होता. सगळ्यांना वाटलं, यूपीएस असेल.

"म्हणजे आता बॅकअप नको," तो म्हणाला. इथे मी जरा चढ्या आवाजात बोललो. कुणी चुकून फोल्डर पुसला, तर रेड तो सगळ्या डिस्कवरून इमानदारीत पुसते. २०१९ आणि २०२१ला पंचगंगेचं पाणी शाहूपुरीच्या सखल गल्ल्यांत शिरलं होतं. त्याचं ऑफिस तळमजल्यावर आहे आणि चारही डिस्क एकाच डब्यात.

आता तो दर शनिवारी एक बाहेरची डिस्क भरून कळंब्याला घरी नेतो. मागच्या आठवड्यात विचारलं, तिच्यातली एखादी फाईल कधी उघडून बघितलीस का?

"बघतो की," म्हणाला.