छताचे लाकडी पूल

छताचे लाकडी पूल : वर छप्पर आणि बहुधा दोन्ही बाजूंना फळ्यांच्या भिंती असलेले लाकडी पूल. मध्य युरोप, उत्तर अमेरिका आणि चीन येथे ते मोठ्या संख्येने बांधले गेले. छप्पर वाटसरूंच्या सोयीसाठी असावे असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात ते पुलालाच जपते. तुळयांच्या सांध्यांत पाणी मुरले की बुरशी धरते आणि सांधा आतून कुजतो. पावसात उघडा राहिलेला लाकडी पूल दहा-वीस वर्षांत खिळखिळा होतो, छताखालचा मात्र डागडुजी होत राहिली तर शंभरी सहज ओलांडतो. फिलाडेल्फियात टिमथी पामर याने बांधलेल्या पुलावर १८०५ मध्ये छप्पर चढले ते याच हिशेबाने. कॅनडातील हार्टलँडचा पूल (३९१ मी.) या प्रकारात जगात सर्वांत लांब. तो १९०१ मध्ये छताविनाच वाहतुकीला खुला झाला होता. छप्पर आले वीसेक वर्षांनी. बर्फाळ मुलखांत या छपराने एक जादा कामही लावले : घसरगाड्या चालाव्यात म्हणून बाहेरचे बर्फ आणून पुलाच्या फळ्यांवर पसरावे लागे.

अमेरिकी पुलांचा भार बाजूच्या भिंतींत दडलेल्या कैच्या, म्हणजे लाकडे तिरकी-आडवी जोडून केलेले ताठ सांगाडे, पेलतात. थिओडोर बर याने कैचीला कमानीची जोड दिली (पेटंट १८१७). इथिएल टाउनच्या जाळीदार कैचीत (१८२०) जाड फळ्या तिरक्या एकमेकींवरून नेऊन छेदाछेदावर लाकडी खुंट्या ठोकतात. त्यासाठी अजस्र तुळया लागत नाहीत आणि साध्या सुतारालाही काम जमते, म्हणून ती झपाट्याने पसरली. टाउन ही रचना वापरणाऱ्याकडून पुलाच्या फुटामागे एक डॉलर घेई. न विचारता बांधलेला पूल आढळला तर दोन.

चीनच्या फूच्येन आणि चच्यांग प्रांतांतील कमानी पूल वेगळ्याच घडणीचे. तेथे लांब ओंडके आणि आडव्या तुळया एकमेकांत गुंफून कमान उभारतात. वरच्या दालनाचे ओझे ही गुंफण दाबून घट्ट करते. तेथे छप्पर पावसापासून आडोसा देते आणि रचनेला वजनही पुरवते.

बुरशीपेक्षा झटपट घात करतात आग, पूर आणि मालमोटारी. स्वित्झर्लंडमधील ल्यूसर्नच्या चौदाव्या शतकातील कापेलब्रुके पुलाला १८ ऑगस्ट १९९३ च्या रात्री आग लागली. बराचसा पूल आणि छताखालची सतराव्या शतकातील बहुतेक त्रिकोणी चित्रे जळाली. पूल १९९४ मध्ये पुन्हा खुला झाला. फूच्येनमधील वानआन पूल ऑगस्ट २०२२ मध्ये भस्मसात झाला. न्यू यॉर्क राज्यातील ब्लेनहाइमचा १८५५ चा पूल २०११ च्या आयरीन वादळाच्या पुराने वाहून नेला; आज तेथे दिसते ती प्रतिकृती आहे. मालमोटारींपासून बचाव म्हणून पुलाच्या तोंडाशी उंच गाड्या अडवणारी आडवी कमान उभारतात, तरी धडका थांबत नाहीत.

दुरुस्तीत खरा वाद जुन्या कैचीने भार पेलावा की नाही, हा आहे. खाली पोलादी तुळया घातल्या की वाहतुकीचा प्रश्न सुटतो, पण कैची नुसती शोभेची उरते, आणि तसा पूल जपला म्हणणे धाडसाचे. न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँट यांना जोडणाऱ्या कॉर्निश-विंडसर पुलाच्या (१८६६) १९८०च्या दशकातील दुरुस्तीत पट्ट्या चिकटवून केलेल्या नव्या लाकडी तुळया घातल्या. लाकूड नवे असले तरी भार आजही लाकडी कैचीवरच आहे. इटलीत बास्सानो येथील वास्तुविशारद पाल्लाद्योचा पूल (१५६९) तर अनेकदा नष्ट झाला आणि दर वेळी त्याच्याच आराखड्याबरहुकूम उभा राहिला.

म्हणूनच लाकडाइतकेच कारागीर टिकणे महत्त्वाचे. चिनी कमानी पूल बांधण्याची कला युनेस्कोने २००९ मध्ये तातडीने जपण्याच्या यादीत घेतली. सप्टेंबर २०१६ मध्ये मेरांती वादळाच्या पुरात चच्यांगमधील थायशून परगण्यातील तीन जुने पूल वाहून गेले, तेव्हा या कलेचा कस लागला. गावकऱ्यांनी नदीकाठाने वाहत गेलेले ओंडके शोधून आणले, आणि जुन्या पद्धतीने काम जाणणाऱ्या सुतारांनी जमेल तितके तेच लाकूड वापरून तिन्ही पूल पुन्हा उभे केले.